घोंगडीची राखण

आबांचं धोतर आईने मला नेसवलं ते हणमंतकाकांच्या गोठ्यात, दोन म्हशींच्या देखत.

"अंग ढिलं सोड की," आई म्हणाली. "मेढीगत हुबी ऱ्हाऊ नगं."

"सुटेल गं हे."

"त्यांचं जलमात कदी सुटलं न्हाई."

"त्यांना सवय होती."

"तुला व्हईल," आई म्हणाली आणि काष्टा खोचता खोचता थांबली. मग पुन्हा खोचायला लागली, आधीपेक्षा जोरात.

धोतराला इस्त्री होती. ती मीच केली होती. दिवसकार्य झाल्यावर आबांचे कपडे कुणाकुणाला देऊन टाकले, तेव्हा एक जोड मी मागून घेतली आणि कऱ्हाडला आणून तिला कडक इस्त्री केली. उभ्या आयुष्यात ज्या माणसाच्या कपड्यांना इस्त्री लागली नाही, त्याच्या धोतरावर मी पाणी शिंपडून चुण्या काढत बसले होते. त्या वेळी ते मला फार योग्य वाटलं होतं.

आईने पागोटं बांधलं. लाल, भलं मोठं, माझ्या कानांवर उतरणारं. पायात आबांच्या वहाणा घातल्या आणि हातात काठी दिली. मग दोन पावलं मागं सरून तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"कशी दिसते?" मी विचारलं.

"बोलू नगं," आई म्हणाली. "बोललीस की समदं फुटतंय."

गोठ्याच्या दारात हणमंतकाका आणि काकू उभे होते. काकूंनी पदराने तोंड झाकलं. मी चाळिशीच्या उंबरठ्यावरची बाई, कऱ्हाडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल, आणि हा सगळा बेत माझाच होता. पुस्तकं वाचून काढलेला.

आमचा मेंढरांचा वाडा, म्हणजे कळप आणि सोबतचं बिऱ्हाड, दिवाळी झाली की माणदेशातून निघतो आणि कृष्णाकाठी येतो. शेतकरी रिकाम्या रानात मेंढरं बसवून घेतात, रानाला लेंडीखत मिळतं, आम्हाला धान्य. हणमंतकाकांच्या रानात आबा, माझे वडील, दरवर्षी असत. त्या वर्षी तिथेच, दुपारच्या वेळी, त्यांच्या छातीत कळ आली. हणमंतकाकांनी जीप काढली. जीपमध्ये बसण्याआधी आबांनी खांद्यावरची घोंगडी काढली, घडी घातली, बांधावरच्या बाभळीखाली ठेवली आणि कुत्र्यांना म्हणाले, "राखा."

तेवढंच म्हणाले. दवाखान्यात पोचले, पण परत आले नाहीत. आम्ही त्यांना तिथूनच गावी नेलं. त्या गडबडीत कुत्र्यांचं कुणाच्या ध्यानात राहणार? माझा भाऊ म्हाळू दिवस उरकून परतला, मेंढरं पुढच्या शिवारात घेऊन गेला. कुत्री गेली नाहीत.

दोन कुत्री होती. फौजदार तांबूस, उंच, एक कान लांडग्याने फाडलेला. रोज सकाळी तो कळपातून असा फिरायचा, की जणू मेंढरांनी काल रात्री काही गुन्हा केलाय आणि त्याचा तपास चालू आहे. चिमी काळी, चार पायांत पांढरे मोजे घातल्यासारखी, आणि अट्टल भाकरचोर. तिची आई लहानपणीच गेली, म्हणून आबांनी ते पिल्लू घोंगडीच्या खोळीत घालून एक अख्खा हिवाळा पाठीवर वागवलं होतं. बाजारात कुणी विचारलं, "धुळाप्पा, खोळीत काय हाय?" तर ते म्हणत, "नात." आई म्हणे, लेकीला लग्न करून नात द्यायला सवड न्हाई, मग म्हातारा काय करंल. मी तेव्हा पुस्तकांत गुंतले होते.

या दोघांना आबांनी एक विद्या शिकवली होती. घोंगडी जमिनीवर ठेवून "राखा" म्हटलं की ती तिच्याशेजारी बसत आणि मग कुणालाही तिला हात लावू देत नसत. घरच्यालासुद्धा. आबा भर बाजारात घोंगडी ठेवून चहा प्यायला जात आणि परत येऊन, जमलेल्या माणसांसमोर, अगदी सहज ती उचलत. "ज्यानं ठिवली, त्यानंच उचलायची," असं म्हणत. हे वाक्य आमच्या घरात म्हणीसारखं झालं होतं. आईने चुलीवर तवा ठेवला आणि तो मला उतरवायला सांगितला, की म्हाळू हमखास हेच म्हणायचा.

तर त्या दिवशी हणमंतकाकांचा फोन आला.

"ताई, कुत्री अजून तितंच हायती बघा. भाकरी टाकतो आमी. एक खातंय तवर दुसरं बसतंय. एक कालव्यावर पाणी प्यायला जातंय, ते येईस्तवर दुसरं हलत न्हाई. पोलिसांची बी आशी ड्यूटी नसती."

"म्हाळूला सांगते."

"म्हाळू येऊन गेला की. चावलंय त्याला. घोंगडी वढाय गेला आन् फौजदारानं हातच धरला." मग ते मुद्द्यावर आले. "ताई, आडचण आशी हाय, की उद्या कालव्याचं पाणी सुटतंय. माझी पाळी हाय. आज रान नांगरून घ्यायचं आन् उद्या ऊस लावायचा. ट्रॅक्टर बांधावर घ्यायला गेलं, तर फौजदार डायवरच्या अंगावर गेला. आता शेजारपाजारचं म्हणत्यात, भाकरीला औषद लावून टाका. मी म्हटलं, आदी धुळाप्पाच्या लेकीला इचारतो."

"आज येते मी," मी म्हटलं. "काही टाकू नका."

"न्हाई टाकत. पण आजच या."

मी निघाले तेव्हा माझ्याजवळ ग्रंथालयातलं कुत्र्यांच्या स्वभावावरचं एक जाड पुस्तक होतं आणि ग्लुकोज बिस्किटांचे सहा पुडे. माझ्याकडे राहायला आलेली आई गाडीत शेजारी बसली होती. वाटेत तिने एकदाच विचारलं, "ह्या बुकात काय लिवलंय?"

"अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. तिरकं बसायचं. हळूहळू सरकायचं. खाऊ द्यायचा."

"आनवळखी?"

"तेवढा एकच भाग आपल्याला लागू नाही."

बांधावर पोचलो. बाभळीखाली घोंगडी तशीच होती, घडी घातलेली, काळी, वरून धुरळा बसलेली. दोन्ही बाजूंना दोघं. मला पाहून चिमीने शेपटी हलवली, पण उठली नाही. फौजदार माझ्याकडे बघून पुन्हा रस्त्याकडे बघायला लागला, जिकडे जीप गेली होती तिकडे. दोघांच्या बरगड्या दिसत होत्या.

मी पुस्तकाप्रमाणे तिरकी बसले. पुस्तकाप्रमाणे सरकले. ढेकळांत बसून तिरकं सरकणं हे दिसतं तेवढं सोपं नाही, आणि दिसायला तर ते फारच वाईट दिसतं. काकू घरातून बघत होत्या. बिस्किटं टाकली. चिमीने आपल्या वाटची खाल्ली, फौजदाराच्या वाटचीही खाल्ली, आणि मी घोंगडीच्या दिशेने हात नेताच दात दाखवले. तोंडाला अजून चुरा लागलेला होता.

"लई गोड बोलती पर कामाची न्हाई," आई म्हणाली. ती चिमीबद्दल बोलत होती की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही.

मग मी विचार केला. ज्याने ठेवली त्यानेच उचलायची, हा नियम. म्हणजे कुत्री आबांची वाट बघतायत. म्हणजे त्यांना आबा दाखवायला हवेत. पुस्तकात एक प्रकरण होतं, की कुत्र्याला माणूस लांबून त्याच्या आकारावरून आणि चालीवरून ओळखू येतो. माझी उंची आबांएवढी. चाल तर त्यांचीच. कॉलेजात पोरं माझ्या मागे तशी चालून दाखवतात हे मला माहीत आहे. आणि कपड्यांची जोड, वहाणांसकट, गाडीत होती. ती बॅग मी कुठेही नेत असे. का, ते मला त्या दिवसापर्यंत सांगता आलं नसतं.

मी हे आईला सांगितलं. तिने कुत्र्यांच्या बरगड्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "कर. न्हाई तर उद्या ती मरत्यात." आणि उठून गोठ्याकडे चालू लागली.

अशा रीतीने मी धोतर, पागोटं आणि वहाणा घालून दुपारी त्या रानात उतरले. वहाणा दोन बोटं मोठ्या होत्या. मी काठी आबांसारखी मानेमागे आडवी घेतली, तिच्यावर दोन्ही हात टाकले आणि चालायला लागले. मागे गोठ्याकडच्या बांधावर आई, काका, काकू आणि ट्रॅक्टरचा ड्रायव्हर ओळीने उभे होते. तो बिचारा मफलर पूर्ण तोंडाला गुंडाळून उभा होता, पण त्याचे खांदे हलत होते.

अर्ध्या रानात आल्यावर मी आबांसारखी खाकरले.

फौजदाराने मान वर केली. त्याचा धड कान ताठ झाला, मग फाटकाही. तो उभा राहिला. शेपटी हलली, एकदा, दोनदा, मग सगळं अंगच हलायला लागलं आणि त्याच्या घशातून असा आवाज आला की तो मी आधी कधी ऐकला नव्हता. चिमी धावत दोन पावलं पुढे आली.

त्या वेळी मलाही वाटलं की आबा आले. मी मागे वळून बघितलं.

मग वारं फिरलं. फौजदाराने नाक वर केलं, वास घेतला आणि शिंकला. पुन्हा शिंकला. त्याची शेपटी हळूहळू खाली आली. तो परत जाऊन घोंगडीशेजारी बसला आणि खऱ्या फौजदाराने खोटा परवाना बघावा तसा माझ्याकडे बघत राहिला.

मागे वळणं मला शक्य होतं. पण मी माणदेशातली, शिवाय एवढ्या लोकांसमोर धोतर नेसलेली. मी तशीच पुढे गेले. "फौजदार," मी हाक मारली, आणि आई म्हणाली होती तसं सगळं फुटलं. तो गुरगुरला. मी काठी खाली घ्यायला गेले, डावी वहाण ढेकळात अडकली, उजवा पाय काष्ट्यावर पडला आणि मी सरळ तोंडावर आपटले. छाती ढेकळांत, तोंड घोंगडीवर. पागोटं घरंगळत कालव्याच्या दिशेने गेलं.

"हलू नगं, सुले," आई ओरडली.

मी हलले नाही. हलायचा प्रश्नच नव्हता. मानेवर गरम श्वास लागत होता आणि कानापाशी गुरगुर चालली होती. तोंड घोंगडीत रुतलं होतं. श्वास घ्यायचा तर तिच्यातूनच घ्यावा लागणार होता. तो घेतला.

चुलीचा धूर. तंबाखू. पावसात भिजून वाळलेल्या लोकरीचा तो आंबूस वास. कोकराच्या तोंडाचं दूध. घाम.

आबा गेल्यापासून मी हे शोधत होते. गावी गेले तेव्हा उशीला नाक लावून बघितलं, उशी धुतलेली. बाजेची दोरी धुतलेली. सुतक फिटलं तसं चुलतीने आणि मी घरातली चिंधी न चिंधी ओढ्यावर नेली होती, रिवाज म्हणून, आणि मी तर शिकलेली, म्हणून साबणाचा चुरा जास्त घातला होता. त्यांची बंडी, त्यांचा पटका, त्यांचा कोट. निळीत बुडवून काढलेले. ती एक जोड मी कऱ्हाडला नेली आणि रोज बॅग उघडून तिच्यात नाक घालत होते, आणि रोज साबणाचा वास येत होता, म्हणून शेवटी इस्त्री केली. आम्ही आबांना घरातून धुऊन काढलं होतं. आणि मग मी तोच साबण अंगावर घालून या कुत्र्यांना सांगायला आले होते की मी आबा आहे.

उरले होते ते एवढ्याच जागी, बाभळीखाली, आणि त्याच्यावर पहारा होता.

मी घोंगडी ओढली नाही. उचललीही नाही. घडीत आणखी तोंड घातलं आणि तशीच पडून राहिले. गुरगुर कधी थांबली ते कळलं नाही. माझ्या गालाशेजारून एक थंडगार नाक घडीत शिरलं. चिमी. ती खोळ तिची होती, माझ्याही आधी. दोघी तिथं नाकाला नाक लावून पडलो.

पुष्कळ वेळाने आईची पावलं वाजली. ती बांधावर टेकली. तिने हात पुढे केला, तेव्हा फौजदाराने तो हुंगला, आणि तिने घोंगडीच्या दशीवर बोटं ठेवली. मग तिने बोटं नाकाजवळ नेली आणि तशीच बसून राहिली.

शेवटी म्हणाली, "रडतीयास व्हय?"

"लोकर गेली डोळ्यात."

"गेली आसंल," ती म्हणाली. "आता आसं कर. ती घे पांघरून."

"चावतील."

"घे म्हणते ना. वढू नगं. नुसती घे."

मी गुडघ्यांवर आले. घोंगडी उलगडत गेली, मी तिच्यात शिरत गेले. फौजदार उभा राहिला. त्याने माझ्या डोक्यापासून पायापर्यंत घोंगडीची कड तपासली, सगळी, जागच्या जागी आहे की नाही ते बघितलं. मी उभी राहिले. तोही चालायच्या तयारीत उभा. मी एक पाऊल टाकलं. दोघांनी एक पाऊल टाकलं. ती आबांची वाट बघत नव्हती. त्यांना राखायला सांगितलं होतं, आणि ती राखत होती. घोंगडी निघाली तशी तीही निघाली.

हणमंतकाकांनी डोक्यावरची टोपी काढली. ड्रायव्हरने मफलर खाली घेतला. "गाडीतनं सोडू का वाड्यावर?" काका म्हणाले.

पण फौजदार जीपच्या जवळ यायला तयार नव्हता. जीपवर त्याचा आता भरवसा नव्हता. म्हणून आम्ही चालत निघालो. पुढे मी, धोतरात, उघड्या डोक्याने, अंगावर घोंगडी. दोन्ही अंगांना दोन कुत्री, नाकं घोंगडीच्या काठाला लावून. मागे आई, एका हातात माझी पर्स, दुसऱ्या हातात माझी साडी असलेली पिशवी. कारखान्याच्या रस्त्याला लागलो, तर उसाच्या बैलगाड्या थांबून आम्हाला वाट देऊ लागल्या. एक मोटारसायकल पुढे गेली आणि परत फिरली. तिच्यावर आमच्या कॉलेजचा दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. त्याच्याकडे ग्रंथालयाची दोन पुस्तकं पावसाळ्यापासून होती.

"मॅडम?" तो म्हणाला. त्याने कुत्र्यांकडे बघितलं, धोतराकडे बघितलं. "गॅदरिंग आहे का?"

"व्हय," आईने मागून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही पुस्तकं परत केली. न मागता.

म्हाळूचा वाडा पुढच्या गावच्या माळावर होता. दिवस कलला होता. लांबूनच मेंढरांनी माना वर केल्या आणि कळपातून एकच बेंबाटा उठला. म्हाळू मेंढरांभोवतीच्या जाळ्याची मेख ठोकत होता, हाताला पट्टी बांधलेली. तो उभा राहिला. डोळ्यांवर हात धरून आमच्याकडे बघत राहिला. आम्ही अगदी जवळ आलो तरी त्याचा हात खाली आला नव्हता.

"मला वाटलं..." तो म्हणाला.

"काय?"

"काय न्हाई." त्याने तोंड फिरवलं, मेखेवर दोन घाव घातले, मग परत माझ्याकडे बघितलं. "धोतार उलटं नेसवलंय तुला आयनं."

घोंगडी त्याने कळपाच्या जाळ्याच्या मेढीला टांगली. फौजदाराने ती एकदा हुंगली, आणि मग इतक्या दिवसांत मेंढरांनी काय काय गुन्हे केले त्याचा तपास करायला कळपात शिरला. चिमीने म्हाळूच्या भाकरीच्या फडक्यात तोंड घातलं. त्याने तिला मारलं नाही.

त्यानंतर ती दोघं पुष्कळ वर्षं जगली आणि वाडा जिथे जाईल तिथे ती घोंगडी रोज संध्याकाळी मेढीला टांगलेली असे. पावसात म्हाळू स्वतः भिजायचा, पण ती पालाखाली घ्यायचा. आधी चिमी गेली, एका थंडीत, झोपेत, मेढीच्या बुडाशी. दोन हिवाळ्यांनी फौजदार गेला. आमच्यात कुत्र्याची जागा ठरलेली नसते. वाडा ज्या शिवारात असेल तिथल्या बांधाला पुरायचं आणि सकाळी पुढे निघायचं. म्हाळूने मला दोन्ही गावांची नावं सांगितली. मी एकदा जाऊन आले. दोन्हीकडे ऊस होता, डोक्याच्या वर गेलेला.

त्या दिवशी कुत्र्यांनी मला का चावलं नाही, याबद्दल माझा एक सिद्धान्त आहे. तो लांब आहे आणि त्यात ओढणं, पांघरणं, वासाची स्मृती वगैरे बरंच येतं. आईला मी तो एकदा पूर्ण समजावून सांगितला. तिने शेंगा फोडत सगळा ऐकला.

"तुझी कीव आली आसंल त्यास्नी," ती म्हणाली.

फौजदार गेल्यावर म्हाळू घोंगडी घेऊन कऱ्हाडला आला. "आता राखाय कोण न्हाई," तो म्हणाला, आणि ती माझ्या दिवाणखान्यात खुर्चीवर ठेवून चहा न घेताच गेला.

ती अजून तिथेच आहे. आमच्याकडे येणाऱ्यांना ती खुर्ची टाळून बसायची सवय झाली आहे. माझं लग्न उशिरा झालं. नवरा सज्जन, नीटनेटका माणूस आहे. गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत त्याने सहज म्हणून तिच्या दशीला हात लावला आणि म्हणाला, "ही एकदा साबणाच्या पाण्यातून काढू या का?"

मी काही बोलल्याचं मला आठवत नाही. तो म्हणतो, मी गुरगुरले.